तपकिरीच्या डबीतली काच

रामराव दुर्बीण उघडायचे त्या दिवशी घरात सोवळं असायचं. देवाचं सोवळं त्यांनी जन्मात पाळलं नाही. काचेचं मात्र असं पाळलं, की एखाद्या भटजीनं त्यांच्याकडे शिकवणी लावावी. सकाळपासून केरसुणीला हात लावायचा नाही. चूल परसात. ओल्या फडक्यानं जमीन पुसून धूळ बसवायची, खिडकी लावून घ्यायची आणि बाजेवर जाड गोधडी दुहेरी करून अंथरायची, म्हणजे हातातून काच सुटली तरी फुटू नये. मग रिठ्यानं हात धुऊन, कोरडे करून, रामराव गोधडीपुढं मांडी घालून बसायचे आणि काच अशी कडेकडेनं उचलायचे, जशी तव्यावरची भाकर उचलावी.

"आधी हवा, मग कुंचला, मग कापूस," ते म्हणायचे. हवा म्हणजे रबरी फुगा. तोंडानं फुंकर मारलेली त्यांना चालत नसे. फुंकरीबरोबर थुंकी जाते. धूळ उडून गेल्यावरच कापूस, तोही दवाखान्यातून आणलेल्या वाफेच्या पाण्यात आणि थेंबभर स्पिरिटमध्ये जेमतेम ओला. मधून कडेकडे एकदाच फिरवायचा आणि टाकून द्यायचा. "घासायचं न्हाई. काच म्हणजे परात न्हाई. आणि सुटी काच उघडी ठेवायची न्हाई, झाकणाच्या डबीतच ठेवायची. ज्यानं उघडली त्यानंच बंद करायची." असे त्यांचे कायदे. निजामसरकारचे कायदे लोक मोडत. रामरावांच्या घरात हे कोणी मोडत नसे.

आणि मोडणार तरी कोण? घरात माणसं दोनच. रामराव स्वतः, बंदोबस्त खात्यात जमिनी मोजता मोजता केस पिकवून पेन्शनीत आलेले. आणि त्यांची धाकटी बहीण तुळजाबाई. लग्नानंतर थोड्याच दिवसांत तिचं कपाळ पांढरं झालं आणि ती भावाकडे आली ती आलीच. वहिनी वारल्यावर घर तिनंच उचललं. काचेचा कापूसही तीच करायची. कच्च्या कापसातून बोटांनी सरकी काढायची, मग सोडा घालून तो असा उकळायचा, की त्यातलं तेल सुटून जावं. कच्चा कापूस पाण्यावर तरंगतो. तुळजाबाईनं उकळलेला पाण्यात टाकला की जड मनासारखा तळाला जायचा. तो मलमलखाली वाळवून, पिंजून, तिनं बोंडं केली की रामराव एकेक बोंड उजेडाकडे धरून बघत, आणि काही खोट सापडली नाही की गप्प बसत. शाबासकी ती हीच.

त्याच बोटांच्या वातींवर गणपतीच्या देवळातल्या समया जळत. कीर्तन असलं की खांबाआड बसून धृपद उचलावं ते तुळजाबाईनंच. बुवांनी चाल वर नेली की बाकीचे आवाज पायरीवरच बसून राहायचे. तिचा तेवढा बुवांचं बोट धरून वर चढायचा. घरी आली की रामराव विचारायचे, "काय गं, तुझ्या देवाला कान आहेत का? असले तर आज फुटले असतील." ती हसायची आणि ताट वाढायची.

दुर्बीण म्हणाल तर जुन्या जालन्यात ती एकट्या रामरावांकडे. छावणी उठली तेव्हा एका गोऱ्या कप्तानाच्या सामानाच्या लिलावात त्यांनी घेतलेली. पितळी नळी, लाकडी तिपाई. रामराव गेले तर शहरात चंद्राच्या जवळचा माणूस उरणार नाही, असं त्यांचे दोस्त अत्तरवाले गयासोद्दीन म्हणायचे, आणि रामरावांना ते मनापासून पटायचं.

त्या साली गणेशचतुर्थीला पावसानं उघडीप दिली. श्रावणाच्या ओलीनं काचा धुरकटल्या होत्या, म्हणून दुपारीच साफसफाई झाली. दिवस मावळता मावळता पश्चिमेला आभाळ फाटलं आणि चवथीची कोर लख्ख बाहेर आली. रामरावांनी माळवदावर, घराच्या सपाट मातीच्या छपरावर, तिपाई मांडली. गयासोद्दीन होते, शेजारचे दोघं-तिघं होते. देवळाची दिवाबत्ती बघणारा कडूबा आरतीच्या वाती न्यायला आला होता, तोही वर आला. पण मान खाली घालूनच. खाली गल्लीतही सगळे पायाचे अंगठे बघत चालले होते. आज चंद्र दिसला, की माणसावर खोटा आळ येतो.

"सगळं जालनं कसं माना घालून चाललंय बघा," रामराव म्हणाले. "चंद्र काय सारावसुलीला आलाय?"

"हसा, हसा," कडूबा म्हणाला. "खुद्द किसनदेवानं हा चंद्र बघितला तर त्याच्यावर स्यमंतक मण्याच्या चोरीचा आळ आल्ता. तिथं तुम्ही-आम्ही कोण?"

"मी दर साली बघतो. माझ्यावर कोणी आळ आणला?"

"तुमच्यावर आळ आणायचा म्हंजी तुमच्याहून मोठ्या तोंडाचा माणूस पाहिजे. जालन्यात हाय कुठं?"

सगळे हसले. गयासोद्दीनसुद्धा हसले. रामरावांना दुसऱ्यावर हसलेलं फार आवडे. स्वतःवरचं हसू त्यांच्या घशात माशाच्या काट्यासारखं अडके. ते म्हणाले, "असं? मंग बघाच. तुमच्यातलं सगळ्यात देवभोळं माणूस आज मी चंद्राला डोळा लावायला लावतो. आणि तिच्यावर आळ आला, तर देवळात येऊन सगळ्यांदेखत कान धरीन. नाही आला, तर तू इथं वर येऊन धरायचे."

"भाई, जाऊ द्या," गयासोद्दीन म्हणाले. "ज्याचं मन न्हाई त्याला जबरदस्ती कशाला?"

"जबरदस्ती कोण करून राह्यलंय? तुळजे! ए तुळजे, वर ये!"

तुळजाबाई वातींचं ताट घेऊन वर आली. निरांजनं लावता लावता आली होती. बोटं तुपाची, नजर पायाशी.

"कळसावर लावलीय दुर्बीण," रामराव म्हणाले. देऊळही पश्चिमेलाच होतं. "काचेवर कापसाचा तंतू राह्यला का ते बघ जरा. माझ्या डोळ्यांना पाणी येऊन राह्यलंय."

भावाच्या काचेत आपल्या कापसाचा तंतू राहिला, म्हटल्यावर ती घाईनं पुढं झाली. ताट कडेवर तोलून तिनं नळीला डोळा लावला.

"अगं बाई," ती म्हणाली. डोळा नळीला आणखी घट्ट लावला. "दादा, हे काय? भाकरीला कसे फोड येतात तसं आलंय. आणि कडेनं उजेड असा... सांडून राह्यलाय. कळस जवळून असा असतो? केवढं देखणं हो दादा. डोळा काढावा वाटंना."

कडूबानं तोंडावर हात दाबला होता. त्या बोटांतून पहिलं हसू फुटलं आणि मग माळवद दणाणून गेलं.

"कळस न्हाई, तुळजे," रामराव म्हणाले. "चवथीचा चंद्र तो!"

तिनं डोळा काढला. ताट कलंडलं आणि वाती माळवदाच्या चिखलात पडल्या. ती मागं सरली. पदर तोंडावरून ओढून घेत एवढंच म्हणाली, "तुम्ही सांगितलं म्हणून डोळा लावला, दादा." आणि खाली गेली.

यावर उतारा असतो. शेजाऱ्याच्या दारावर खडा मारायचा आणि त्याच्या शिव्या खायच्या. शिव्या अंगावर पडल्या की आळ फिटला. समोरच राहायची चतुराबाई. तिच्या जिभेला अख्खी गल्ली भीत असे. तिनं दिलेली शिवी पाटलाच्या शिक्क्यासारखी उमटायची. तुळजाबाईनं खडा उचलून तिच्या दारावर मारला.

"कोण रे तो मुडदा—" म्हणत चतुराबाई लाटण्यासकट बाहेर आली आणि थांबली. "तुळजाबाई? तुम्ही होय! चंद्र दिसला वाटतं?"

"दे गं, चतुराबाई. काय तोंडाला येईल ते दे."

"तुम्हाला? जीभ झडंल की माझी! अवो, तुमचं धृपद ऐकून मी देवळात रडले हाय." चतुराबाईनं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. "न्हाई बाई. येतच न्हाई. या, आत या, मोदक खाऊन जा."

"दोन तरी दे गं!" तुळजाबाई हात जोडून उभी. आणि वरून हे सगळं ऐकत रामराव हसत होते. हसता हसता त्यांना ठसका लागला आणि गयासोद्दीननी त्यांच्या पाठीवर जरा जोरातच थापट्या मारल्या.

दुसऱ्या दिवशी रामरावांनी नळी बघितली तर डोळ्याकडच्या काचेवर तुपाचा डाग होता. तुळजाबाईच्या गालाचा की बोटाचा, देव जाणे. ती सगळ्यात लहान काच, मोठ्या बोराएवढी, चपटी. त्यांनी खोली लावून घेतली, आट्यांचं कडं फिरवून काच सोडवली आणि स्पिरिटच्या बोंडानं डाग उचलला. काच पाण्याच्या थेंबासारखी झाली. एवढ्यात गल्लीतून गयासोद्दीनची हाक आली, "रामराव भाई! चला जल्दी! कुंडलिकेला पूर आलाय, पूल बुडून राह्यलाय!"

सुटी काच उघडी ठेवायची नाही. रामरावांनी कोनाड्यातली जुनी, रिकामी तपकिरीची डबी घेतली, तळाला कापूस घातला, त्यावर काच ठेवली, वर पुन्हा कापूस घालून झाकण दाबलं आणि डबी होती तिथं ठेवली. धूळ जाऊ नये म्हणून रिकामं कडं नळीला परत बसवलं आणि ते पूर बघायला गेले. तिथं भिजले. रात्री हीव भरून आलं ते पुढं कितीतरी दिवस तापानं अंथरुणात. तुळजाबाई उशाशी बसून काढे पाजायची, घामाचे कपडे बदलायची. ताप उतरला तेव्हा तोंडाची चव गेली होती, आणि त्या डबीची आठवणही.

आणि मग औरंगाबादहून तालुकदारसाहेब दौऱ्यावर आले. त्यांनी रामरावांच्या दुर्बिणीचं ऐकलं होतं. संध्याकाळी साहेबांची स्वारी माळवदावर आली. रामराव शेरवानीची सगळी बटणं लावून सज्ज. खाली गल्ली जमलेली, वर कडूबापासून गयासोद्दीनपर्यंत सगळे. पहिला मान साहेबांचा, म्हणून आत डोळा न लावता रामरावांनी नळीवरूनच नेम धरून ती गुरूच्या ग्रहावर रोखली आणि ते अदबीनं बाजूला झाले. "हुजूर, चार चंद्र दिसतील."

साहेबांनी डोळा लावला. नळी मागं-पुढं केली. "कुछ नहीं है."

रामरावांनी बघितलं. नुसता धुरकट उजेड. साहेबांनी सहज बोट पुढं केलं तर ते कड्यातून आरपार आत गेलं. बोट आत-बाहेर करत साहेब म्हणाले, "मियाँ, यह दूरबीन है या बाँसुरी?"

साहेब हसले म्हणून शिरस्तेदार हसले, शिरस्तेदार हसले म्हणून माळवद हसलं, आणि काय झालं ते न कळताच खालची गल्लीही हसली. जन्मभराची सगळी इज्जत त्या बोटाएवढ्या भोकातून गळून गेली, असं रामरावांना वाटलं.

"तुळजे!"

ती सरबताचे पेले घेऊन आली होती. जिन्याच्या तोंडाशीच थांबली.

"काच कुठंय?"

"मला ठाऊक न्हाई, दादा. चवथीपासून मी नळीला हातबी लावला न्हाई."

"घरात दुसरं कोण आहे मंग? मी का तू? चंद्र दाखवला म्हणून डूख धरलास. काढलीस काच! विकलीस न्हाईतर पाण्यात टाकलीस. चोरटे!"

शब्द सुटला आणि माळवद गप्प झालं. साहेबांना घरगुती भानगडीत रस नव्हता. ते खाली उतरले. मागं राहिलेल्यांतून कडूबा हळूच म्हणाला, "आला. आळ आला."

"काय म्हणालास?"

"म्या काय म्हणणार? तुम्हीच म्हणालात की. चवथीला बघितलं, महिना सरला न्हाई तर आळ आला, तोबी तुमच्याच तोंडून." कडूबाचं डोकं देवळातल्या तेलवातीत काळं पडलेलं असलं तरी बंद नव्हतं. "आता हिशोब सरळ हाय, रामराव. आळ खोटा असंल तर चंद्र खरा. चंद्र खोटा असंल तर चोरी खरी. तुम्ही काय ते एक निवडा. कान धरायचे का बहिणीला धरायचं?"

रामरावांनी तुळजाबाईकडे बघितलं नाही. "आळ कसला? चोरी आहे ही," ते म्हणाले. "धडधडीत चोरी."

त्या वेळी त्यांना ते खरंच वाटत होतं, एवढं त्यांच्या बाजूनं म्हणायला हवं.

सख्खा भाऊ म्हणतोय, तर तो खोटं कशाला बोलेल? गल्लीनं ऐकलं, मोंढ्याच्या बाजारानं ऐकलं. काच होती ती काच उरली नाही; बिल्लोर झाली, मग हिरा झाली, मग कुणीतरी तुळजाबाईला सराफाच्या पेढीची पायरी चढताना बघितलं. देवळातून वाती परत आल्या. कडूबा दारात ताट ठेवून म्हणाला, "मंडळी म्हणतात, सध्या नको," आणि तिच्याकडे न बघता गेला. कीर्तनात ती खांबाआड बसली की बायका सरकून बसायच्या, जसा हातभर जागेत साप निघालाय. चतुराबाईच्या जिभेला चवथीला जे येत नव्हतं ते सगळं आता यायला लागलं. रोज, दारात उभं राहून, नवीन नवीन. आता मागितलं नव्हतं तरी.

तुळजाबाईनं राजूरच्या गणपतीची आण घेतली. रामराव म्हणाले, "चोराच्या आणभाकेला कोण पुसतो?"

गयासोद्दीन एकदा एकटेच आले. "भाई, कायदा तुमचाच ना? ज्यानं उघडली त्यानंच बंद करायची. चवथीनंतर नळी कोणी उघडल्ती? खिसे, कोनाडे, बराबर बघितले का?"

"सगळे बघितले," रामराव म्हणाले. बघितला एकही नव्हता. ज्याची वस्तू जन्मात हरवत नाही, तो शोधायला शिकलेला नसतो.

दिवाळी सरली. कार्तिकात देवळात कीर्तनाचा सप्ताह बसला, बद्रीनाथबुवा आले. चवथीच्या चंद्राचा दोष स्यमंतक मण्याची कथा ऐकली की फिटतो, हे लहान लेकरालाही ठाऊक असतं. तुळजाबाईनं बुवांना निरोप धाडला, एवढं एक आख्यान लावा. मंडळींनी नाकं मुरडली. बुवा म्हणाले, "या बाईंनी माझं धृपद इतकी वर्षं उचललं. एक दिवस मी त्यांचं उचलतो."

त्या संध्याकाळी ती देवळात आत गेली नाही. दाराबाहेर चपलांपाशी बसली. तिथून बुवा दिसत नव्हते, ऐकू मात्र येत होते.

आणि इकडे घरी रामरावांची तपकीर संपली. थंडी पडली होती, नाक चोंदलं होतं. ते कोनाड्यात चाचपडायला लागले. एक डबी रिकामी, दुसरी रिकामी. तिसरीचं झाकण घट्ट. नखानं उघडलं तर आत कापूस. तुळजाबाईनं पिंजलेला, पांढरा. आणि कापसाच्या मधोमध, अंड्यातल्या पिल्लानं डोळा उघडावा तशी, काच.

त्यांना आधी आनंदच झाला. खरा, निर्मळ आनंद. "तुळजे!" ते ओरडले. "अगं तुळजे, सापडली!"

घरात कोणी नव्हतं. टाळांचा आवाज तेवढा वाऱ्यावर येत होता. मग त्यांना पूर आठवला, गयासोद्दीनची हाक आठवली, आपलेच हात आठवले. ते तसेच उठले. शेरवानीची बटणं उघडी, पायांत वहाणा उलटसुलट. डबी मुठीत. सांगायचं ठरलं होतं: मंडळी, काच सापडली, चूक माझी, माझी बहीण निर्मळ आहे. मारुतीच्या पारापाशी येईतो त्यातलं 'चूक माझी' गळालं. कापडबाजाराच्या वळणावर ठरलं, की देवळात बोलायचं नाही, तिलाच बाजूला घेऊन सांगू. तरी पाय देवळाकडेच चालत होते. देव माणसाला पाय देतो, ते उगाच नाही.

आत उत्तररंग भरात आला होता. देव स्वतः गुहेत उतरून मणी घेऊन आले होते, आणि आळ आणणारा राजा भर सभेत मान खाली घालून उभा होता. बुवांनी चिपळ्या थांबवल्या. "त्या राजाला काय वाटलं असेल, महाराज? एवढा मणी होता त्याच्याजवळ, पण एक शब्द नव्हता..." आणि त्याच वेळी सगळ्यांच्या नजरा दाराकडे वळल्या. दारात रामराव.

"या, या!" कडूबानं समईजवळूनच हाक घातली. "बराबर टायमाला आलात, रामराव! काय, कान धरायला का?"

देऊळ हसलं. बाया हसल्या, पोरं हसली, मृदंगावरचा हातही हसत हसत एक थाप मारून गेला. रामरावांची मूठ मिटली.

चपलांपाशी तुळजाबाई उठून उभी राहिली होती. तिनं भावाचं तोंड बघितलं, उघडी शेरवानी बघितली, वहाणा बघितल्या. तिच्या तोंडावर असा उजेड आला, जसा त्या दिवशी चंद्राच्या कडेनं सांडला होता.

"दादा," ती म्हणाली. "सापडली ना?"

हसू थांबलं. टाळ थांबले. बुवा चिपळ्या छातीशी धरून उभे. एक 'हो' तेवढा म्हणायचा होता. पण त्या 'हो'च्या मागं रामरावांना पुढची सगळी वर्षं दिसली. कडूबा प्रत्येक चवथीला सांगणार. शाळेतली पोरं सांगणार. कीर्तनात त्यांचं नाव निघणार. रामरावांची बहीण, रामरावांची दुर्बीण, आणि भर देवळात रामरावांचे कान.

"न्हाई," ते म्हणाले. आपला आवाज इतका शांत निघाला याचं त्यांनाच नवल वाटलं. "सांगायला आलो, की घराचं दार तुला आजपासून बंद. चोराला घरात ठेवून चालत न्हाई."

आत कुणीतरी चुकचुकलं. तुळजाबाईची नजर त्यांच्या मुठीवर उतरली. बोटांच्या फटीतून पितळी झाकणाची कड दिसत होती. त्या डब्या ती दर आठवड्याला, झाकण न उघडता, बाहेरून चिंचेनं घासून कोनाड्यात लावायची. हे झाकण ती अंधारातही ओळखली असती. ती जवळ आली आणि फक्त त्यांनाच ऐकू जाईल असं म्हणाली, "रिकाम्या डबीला एवढं घट्ट कशाला धरलंय, दादा?"

त्यांनी मूठ शेरवानीच्या आड नेली. तिनं वळून देवळात सांगितलं असतं, तर कडूबानं त्यांची मूठ तिथंच उघडली असती. तिनं पदर सावरला आणि परत चपलांपाशी जाऊन बसली, कारण आख्यान अजून पुरं व्हायचं होतं. बुवांनी चाल धरली आणि वर नेली. धृपद दाराबाहेरून आलं. एकटंच. मागून कोणी धरलं नाही.

सकाळी ती अंतरवाली सराटीला गेली, नात्यातल्या एका भाच्याकडे, रखमाजीकडे. मोंढ्यात माल टाकून परत निघालेल्या बैलगाडीतून.

काच आता परत बसवता येत नव्हती. काच बसली तर सापडली म्हणावं लागणार. "हैदराबादेत चश्मेवाले आहेत," गयासोद्दीन म्हणाले, "बिलकुल अशीच घासून देतील." रामराव म्हणाले, चोर कबूल होईतो नाही. चोरी खरी राहायची, तर तेवढी जागा रिकामी राहणं भाग होतं. रमजानच्या शेवटाला गयासोद्दीन चांद शोधायला दर साली त्यांच्या माळवदावर येत. त्या सालापासून ते स्वतःच्याच छपरावर चढायला लागले. श्रावणात मात्र रामराव खोली लावून घ्यायचे, गोधडी अंथरायचे, पुढची मोठी काच उतरवायचे. कापूस बाजारचा. त्यात एकदा सरकीचा कण राहिला आणि काचेवर लांबलचक ओरखडा उमटला. डबी त्यांनी पेटीत, कपड्यांच्या तळाशी ठेवली होती. ती ते उघडत नसत.

काही पावसाळे गेले. एका संध्याकाळी रखमाजी दारात आला. बाहेरच उभा राहून म्हणाला, "आत्या गेली. हे तुमचं." आणि मलमलीचं गाठोडं उंबऱ्यावर ठेवलं.

"काय आहे?"

"कापूस. दर श्रावणात उकळून, पिंजून ठेवायची. म्हणायची, दादाला काचेला लागंल. म्या म्हणायचो, ज्यानं तुला चोर केलं त्याला कशाला? तर हसायची." रखमाजी थुंकला आणि निघून गेला. पाणीसुद्धा मागितलं नाही.

रामरावांनी दार लावलं. जमीन पुसली. गोधडी अंथरली, रिठ्यानं हात धुतले. आता काचेवरून जाब विचारणारं कोणी उरलं नव्हतं. आता बसवायला हरकत नव्हती. पेटीतून डबी काढली.

काच होती तिथंच होती. पण इतके पावसाळे बंद डबीत, ओल्या कापसात आणि तपकिरीच्या भुग्यात. तिच्यावर पांढरी जाळी धरली होती, कोळ्यानं विणावी तशी. रामरावांनी फुग्यानं हवा मारली. कुंचला फिरवला. मग तुळजाबाईचं एक बोंड घेतलं, पाण्यात टाकलं; ते तळाला गेलं. मधून कडेकडे एकदा फिरवलं, टाकलं. दुसरं घेतलं. तिसरं. जाळी तशीच. कायदा विसरून ते घासायला लागले, परात घासावी तसे, आणि गाठोडं रिकामं होईतो घासत राहिले. बुरशी वर बसलेली नव्हती. तिनं काच खाल्ली होती.

तीच काच त्यांनी कड्यात बसवली आणि नळी घेऊन माळवदावर गेले. दिवस नुकता मावळला होता. पश्चिमेला कोर होती. त्यांनी डोळा लावला. कळस नाही, कोर नाही, फोड नाहीत, कडेनं सांडणारा उजेड नाही. नासलेल्या दुधासारखं काहीतरी पांढरं, तेवढंच.

समोरच्या ओसरीवरून चतुराबाईला माळवदावरची नळी दिसली. आता ती म्हातारी झाली होती, पण आवाज तोच.

"काय हो रामराव," ती ओरडली, "काच सापडली का काय?"

रामरावांनी डोळा काढला नाही.

"न्हाई," ते म्हणाले.